विस्तवाचा मान

एक्केचाळीस उत्तरपत्रिका होत्या आणि लाल पेन एकच, तेही मधूनमधून रुसणारं. लोणावळ्याच्या एका कॉलेजात मी सोळा वर्षं इतिहास शिकवते आहे. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये बोलावलं तर जायचं आणि नाही बोलावलं तर घरी बसून आपलं काय चुकलं ते आठवायचं. अशा माणसाने प्रश्नपत्रिकेत फार डोकं चालवू नये. पण गाइडातून उतरवलेली तीच ती उत्तरं वाचून मला इतका कंटाळा आला होता, की या खेपेला वीस मार्कांना एक प्रश्न मी मनानेच घातला: अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं जिंकली असती, तर तिथल्या गुलामांचं पुढे काय झालं असतं? कारणांसह लिहा.

हौस माझी, तेव्हा भोगणंही माझंच. एका मुलीने दक्षिण म्हणजे तामिळनाडू धरून तीन पानं लिहिली होती आणि अक्षर सुरेख होतं. एकाने लिहिलं, ट्रॅक्टर आल्यावर गुलाम आपोआप सुटले असते. दोघांनी बंड लिहिलं, आणि दोघांच्या बंडात नेमके तेवढेच लोक मेले होते, कारण बाकही एकच होता. चारपाच जणांनी मात्र खरंच विचार केला होता. उत्तरेत पळून गेलेल्यांना करार करून परत धाडलं असतं, कापसाचा भाव पडल्यावर माणसं आणखी खाली उसाच्या मळ्यांवर विकली असती, जगाची लाज वाटून पन्नास वर्षांनी कायदा केला असता आणि गुलामाचं नाव बदलून कामगार ठेवलं असतं. ही मुलं पुढे कुठल्या तरी हॉटेलात पर्यटकांच्या बॅगा उचलणार आहेत, या विचाराने मला उगीच भरून आलं.

चौतिसावी उत्तरपत्रिका आकाशची होती. सरळ मुलगा, पहिल्या बाकावर बसणारा, फळा न सांगता पुसणारा. उर्शाच्या टोलनाक्यामागे डोंगराच्या पोटाशी जे माझं माहेर आहे, त्याच गावचा तो आणि गावच्या मोठ्या घरातला. त्याचे आजोबा सीताराम पंधरा वर्षं सरपंच होते. हे मला हजेरीपटावरूनच कळलं होतं. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. मी नवऱ्याचं आडनाव लावते, त्यावरून काही कळत नाही, आणि नोकरीत ते बरं पडतं.

आकाशने लिहिलं होतं, की दक्षिण जिंकली असती तर गुलाम हळूहळू आणि मालकांच्या मर्जीने सुटले असते, म्हणून कडवटपणा राहिला नसता. प्रत्येकाला घरात त्याचा त्याचा मान मिळाला असता. मग उदाहरण म्हणून, मीच वर्गात उदाहरणं द्या म्हणून डोकं खाते, त्याने आपलं गाव दिलं होतं. ते जसंच्या तसं असं:

'आमच्या गावात पूर्वी बौद्ध वस्तीतल्या भिमाजी आबांच्या घरून विस्तव आल्याशिवाय गावची होळी पेटत नसे. हा त्यांचा मान होता. पाटलालासुद्धा तोवर थांबावं लागे. कोणी तरी डोक्यात भरवल्यामुळे त्यांनी तो मान स्वतःच सोडला, असं आमचे आजोबा सांगतात. या वर्षी आम्ही तरुण पुढाकार घेऊन तो पुन्हा सुरू करत आहोत. भिमाजी आबांनी स्वखुशीने होकार दिला आहे.'

भिमाजी आबा म्हणजे माझे वडील.

मी पेनाला टोपण घातलं. पहिल्यांदा राग आला तो आकाशवर नाही, आबांवर. सत्तर वर्षं जे घर त्या विस्तवाच्या पायी गावाच्या शिव्या खात आलं, त्या घरातला शेवटचा म्हातारा हो म्हणतो, आणि ते मला कळतं एका पोराच्या पेपरातून.

भावाला, अमृतला, फोन लावला. तो तळेगावच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. मागे मशिनींचा गोंगाट होता. म्हणाला, खरं आहे, मला विचारू नकोस, मी भांडून थकलोय, तू प्राध्यापक आहेस तर तूच समजाव. भावाने मला प्राध्यापक म्हटलं की समजावं, काम पालथ्या घड्यावर पाणी घालायचं आहे.

रविवारी सकाळच्या लोकलने बेगडेवाडीला उतरले. अमृतने मोटारसायकलवरून घरी आणून सोडलं आणि तो झोपायला गेला. आबा अंगणात जांभळीखाली खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. एक्याऐंशी वर्षांचा माणूस. उभं आयुष्य रेल्वेत, घाटातल्या रुळांवर गँगमन म्हणून काढलं. हात अजून पक्कडीसारखे आहेत, पण आवाज पार बसलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. म्हणजे मी का आले ते त्यांना ठाऊक होतं.

विस्तवाचा इतिहास आमच्या घरात पुस्तकाशिवाय पाठ आहे. माझे आजोबा धोंडिबा दर होळीला खापरात निखारे घेऊन गावात जात. त्याला मान म्हणत, हे आकाशचं बरोबर आहे. तो मान पोचवून आजोबा दहा पावलं मागे सरकून उभे राहत, पुरणपोळी वरून टाकली जाई आणि ती ते घोंगडीत झेलत, हे आकाशला कोणी सांगितलेलं नव्हतं. गावात कोणी मेलं तर सांगावा घेऊन पाच गावं पायी तुडवायची, मेलेली गुरं ओढायची, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्याला वैरण घालायची, हे सगळे त्याच माळेतले मान. छप्पन साली आजोबा बुद्धाला शरण गेले. पुढच्या होळीला बोलावणं आलं तेव्हा त्यांनी खापर उचललं, गावाकडे न जाता ओढ्यावर गेले आणि पाण्यात उपडं केलं. आबा तेव्हा बारा वर्षांचे, बापाच्या मागे उभे. निखारे विझताना चर्र झालं, तो आवाज अजून ऐकू येतो म्हणतात. नंतर दोन वर्षं गावाने गिरणीत आमच्या वस्तीचं दळण घेतलं नाही. आजी जात्यावर दळायची. जातं अजून परसात पडलं आहे, त्यावर वहिनी कपडे आपटते.

एवढं सगळं असताना हो का म्हणालात, असं मी विचारलं. आवाज चढला असेल, कारण वहिनी आतून डोकावून गेली.

आबांनी फोडलेले दाणे बाजूला सारले. मग त्यांनी जे सांगितलं ते तीन वर्षं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

माझी आई अंबूबाई गेली ती ऐन आषाढात. मावळातला आषाढ, चार चार दिवस आभाळ उघडत नाही. आमच्या लोकांची जाळायची जागा ओढ्याकाठी आहे, वर छप्पर नाही, खाली चिखल. गावाचं स्मशान देवळामागे आहे. तिथे पत्र्याची उंच शेड, लोखंडी जाळीचा चौथरा, बसायला सिमेंटचे बाक. सरकारी पैशातून झालेली शेड आहे, सर्वांसाठी असं पाटीवर लिहिलेलंही आहे. त्या दिवशी अमृत भिजत सीतारामकडे गेला होता आणि आजचा दिवस शेड द्या म्हणाला होता. सीताराम नाही म्हणाले नाहीत. नाही असं ते कधीच म्हणत नाहीत. ते म्हणाले, गावाला विचारावं लागेल. दुपारपर्यंत गाव विचारात होतं. शेवटी आम्ही ओढ्यावरच नेलं, ताडपत्री धरून, डिझेल ओतून. मी समोर उभी होते. धूर खूप झाला होता, म्हणून कोणाला नीट दिसलं नाही.

"दुसऱ्या दिशी मी एकटाच गेलतो," आबा म्हणाले. "तिचे पाय तसंच व्हते. मी गोठ्यातली वाळकी लाकडं नेली पाठीवर. तीन खेपा केल्या. मंग झालं."

मला वाटत होतं मी आईला नीट पोचवलं. तीन वर्षं मी तेच धरून चालले होते. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आबांनी खांद्यावरचा टॉवेल दिला. त्याला भुईमुगाच्या मातीचा वास होता.

सीतारामने निरोप धाडला होता तो साधा होता. पोरांची हौस आहे, आमदारही येणार म्हणतात, तेवढा विस्तव घेऊन ये, मग शेडचं बघू. आबांचं म्हणणं असं, की दगडापेक्षा वीट मऊ. एक खापर उचलून गावात न्यायचं, उद्या आपण आषाढात गेलो तर डोक्यावर पत्रा असेल. मी म्हटलं, तो तर कायद्याने तुमचा हक्क आहे, आपण तक्रार करू, पाटीचा फोटो काढू. ते म्हणाले, अमृतही हेच म्हणतो. तक्रार करून शेड मिळेल, पण त्या दिवशी खांदेकऱ्यांपेक्षा पोलीस जास्त असतील. मी म्हटलं, मग माझ्याकडे लोणावळ्याला चला. तिथे नगरपरिषदेच्या स्मशानात कोणी जात विचारत नाही. त्यांनी ओढ्याकडे नुसतं पाहिलं. आई इथे होती.

"मला भांडायचा कंटाळा आलाय, पोरी," ते म्हणाले. "आज्यानं तुज्या विस्तव टाकला तवा तो चाळीसचा व्हता. मला एक्याऐंशी झाली. मला फकस्त नीट जळायचंय."

वर्गात मी एक तास सलग बोलू शकते, पण छप्पर मागणाऱ्या माणसाला तत्त्व पांघरायला देता येत नाही.

मग विषय बदलायचा म्हणून मी त्यांना पेपरातला प्रश्न सांगितला. माणसं विकत होती, कापूस वेचून घेत होती, त्यावरून त्या देशात उत्तर आणि दक्षिण लढली, दक्षिण हरली. समजा ती जिंकली असती. आबांनी नीट ऐकून घेतलं. रुळांवर काम केलेल्या माणसाला नीट ऐकायची सवय असते. मग त्यांनी विचारलं ते एक्केचाळीस पेपरांत कोणी विचारलं नव्हतं.

"त्यानला मेल्यावर कुटं ठेवीत व्हते?"

मला माहीत होतं ते मी सांगितलं. मळ्याच्या कडेला, कुंपणाबाहेर, चिंचोळ्या पडीक जागेत पुरत. नाव लिहीत नसत, नुसता शेतातला दगड. आणि दक्षिण हरल्यावर, गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही, पुष्कळ गावांत पुढे शंभर वर्षं गोऱ्यांचं स्मशान वेगळं आणि यांचं वेगळं राहिलं. काही ठिकाणी मध्ये कुंपणही होतं.

"म्हंजे हरूनबी त्येच?"

"बरंच तेच."

"मंग जिंकून येगळं काय व्हणार व्हतं," आबा म्हणाले. "माणसं इकायचं कदी तरी बंद केलं असतं. लाजंनं. पण दर सणाला कुणी तरी दारात आलं असतं. म्हनलं असतं, चला, तुमचा मान हाय."

माझ्या हातात असतं तर वीसपैकी वीस दिले असते. पण पूर्ण मार्क दिले की विद्यापीठ खुलासा मागतं. परतताना लोकलमध्ये मी आकाशचा पेपर काढून अकरा दिले. लिखाण सुसंगत होतं. चूक होतं, पण सुसंगत होतं, आणि मी त्याला चुकीचं शिकवलं नव्हतं तरी बरोबरही शिकवलं नव्हतं.

होळीच्या दिवशी दुपारचे तास सोडून मी पुन्हा गेले. आबांना अडवायला नाही. ते एकटे जाऊ नयेत म्हणून. अमृतने मुद्दाम दुसरी शिफ्ट मागून घेतली होती. मला बघवणार नाही, एवढंच तो वहिनीला म्हणून गेला.

घरी निराळाच घोळ चालला होता. विस्तव चुलीतला हवा अशी गावाची रीत, आणि आमच्या घरात चूल मोडून बारा वर्षं झाली. वहिनी म्हणाली, गॅसवर गोवरी धरते की, कोण विचारायला येतंय. आबांनी ऐकलं नाही. त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, शेजारून गोवऱ्या मागून आणल्या आणि फुंकणी सापडेना म्हणून पीव्हीसीच्या पाइपाच्या तुकड्याने फुंकत बसले. खापर म्हणून एका फुटक्या माठाचं बूड घेतलं. मी म्हटलं, जे काम तुमच्या बापाने सोडलं ते तुम्ही फारच मनापासून करताय. ते म्हणाले, काम करायचं तर नीट करायचं. रेल्वेने त्यांना एवढं एकच शिकवलं आहे आणि ते आयुष्यभर पुरलं आहे.

दिवस मावळायला आकाश आला. नवा कुर्ता, कपाळाला गुलाल, बरोबर हलगीवाले दोघे. दारात मला पाहून त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

"मॅडम, तुम्ही इथे?"

"हे माझे वडील," मी म्हटलं.

तो खाली पाहायला लागला. आपण पेपरात काय काय लिहिलं, ते तो बहुतेक ओळीओळीने आठवत होता. मग हळूच म्हणाला, आजोबांनी मला असंच सांगितलं होतं. मी म्हटलं, ठाऊक आहे, म्हणून अकरा दिलेत. हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. वीस वर्षांचं पोर, ऐकलं ते लिहिलं. आमच्याही घरात कोणी त्याला बोलावून दुसरं काही सांगितलं नव्हतं.

आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला निळा फेटा होता. तो त्यांनी मुद्दाम बांधला होता. खापराखाली चिंध्यांची चुंबळ घेऊन ते पुढे चालले. मी एक पाऊल मागे. हलगी वाजत होती आणि घराघरांतून लोक बाहेर येऊन पाहत होते. आमच्या वस्तीतल्या दोघा म्हाताऱ्यांनी दारं लावून घेतली. ते मी पाहिलं आणि आबांनीही पाहिलं.

देवळापुढे होळी रचलेली होती. मधोमध एरंड, भोवती गोवऱ्या आणि लाकडं. आमदार आलेले नव्हते, त्यांच्यासाठी आणलेला हार एका खुर्चीवर पडून होता. सीताराम शेजारच्या खुर्चीवर बसले होते. आबांपेक्षा दोन वर्षांनी लहान, तरी आबा त्यांना तुम्ही म्हणतात आणि ते आबांना तू. त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नाही. मला मात्र वाटतं. सीताराम तोंडभरून राम राम म्हणाले, आबा जय भीम म्हणाले. पोरांनी मोबाइल वर केले.

होळीपासून दहा पावलांवर आबा थांबले. मला वाटलं दमले. तिथेच त्यांचे वडील उभे राहत असत, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

"सीतारामभाऊ," ते म्हणाले, "आदी शेडचं तेवढं लोकांम्होरं बोला."

हलगी थांबली. सीताराम हसले, पण डोळ्यांनी नाही.

"भिमाजी, सणासुदीला मरणाचं काय काढतूस. आदी होळी पेटू दे. मग निवांत बसू."

"निवांत बसाया माज्याकडं वरसं न्हाईत. एक शबूद बोला. आमच्या लोकांनीबी तितं जाळायचं, एवढंच."

देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायका पदर सावरत एकमेकींकडे पाहू लागल्या. आकाश आजोबांच्या खुर्चीशी वाकून, हो म्हणा ना आजोबा, असं पुटपुटला. मला ते ऐकू आलं, म्हणजे सीतारामनाही ऐकू आलं असणार. त्यांनी खांद्यावरचं उपरणं उगीच सारखं केलं.

"मी काय एकटाच गाव हाय का?" ते म्हणाले. "गावाला इचारावं लागंल."

गाव तर तिथेच उभं होतं, सगळंच्या सगळं. विचारायचं तर हाताच्या अंतरावर होतं.

तीन वर्षांपूर्वी आई अंगणात ताडपत्रीखाली होती तेव्हा अमृतला हेच शब्द मिळाले होते. आबांनी मान हलवली. एखाद्या स्टेशनमास्तरने गाडी लेट आहे म्हणून सांगावं आणि आपण मान हलवावी, तशी. मी खापराकडे पाहत होते. निखाऱ्यांवर राख धरत चालली होती. मला वाटलं आता ते पुढे होतील आणि टाकतील, कारण आलोच आहोत तर. मी मनातल्या मनात त्यांना माफही करून टाकलं होतं. द्यायचीच असेल तर माफी आधीच देऊन ठेवावी.

ते वळले. चिडले नाहीत, खापरही आपटलं नाही. जसे आले होते तसे, तेवढ्याच चालीने निघाले. पण घराकडे नाही. देवळाला वळसा घालून मागच्या वाटेला लागले. मी त्यांच्या मागे. मागून कोणी तरी हाक मारली, मग कोणी तरी हाक मारणाऱ्याला गप्प केलं. एकदाच मी वळून पाहिलं. सीताराम आकाशला मानेने खुणावत होते. आकाश जरा वेळ तसाच उभा राहिला, मग त्याने कुर्त्याच्या खिशातून लायटर काढला. आजोबांसमोर तो खिशातून निघाला, याचाच त्याला जास्त संकोच झाल्यासारखा दिसला.

शेड रिकामी होती. आबांनी खापर सिमेंटच्या बाकाच्या एका टोकाला ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला बसले. मधल्या जागेत मी बसले. त्यांनी मान वर करून पत्रा पाहिला, अगदी निरखून. मग खांबाला हात लावून तो हलवून पाहिला. हललं नाही काही.

"काम चांगलंय," ते म्हणाले. "पावसाळ्यात थेंब येणार न्हाई."

तेवढ्यात देवळापुढे बोंब उठली आणि झाडांच्या वर उजेड दिसला. ज्वाळा चांगल्या उंच होत्या. एरंड तडतडल्याचा आवाज इथपर्यंत आला. हलगी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

"पेटली," मी म्हटलं.

"पेटती की. माज्या इस्तवाबिगर सत्तर वरसं पेटतीच हाय."

मग मला ते उघड दिसलं, इतकं उघड की आजवर दिसलं नाही याची लाज वाटली. गावातल्या लोकांना विस्तव कधीच नको होता. आजोबांच्या वेळी काडेपेटी होती, आज लायटर आहे. त्यांना हवं होतं ते आबांचं खापर घेऊन चालत येणं आणि दहा पावलांवर थांबणं. जिंकलेली माणसं एवढंच मागतात आणि हरलेलीही तेच मागतात. सुंभ जळतो, पीळ राहतो. हे मी पुढच्या वर्षी शिकवीन, जूनमध्ये बोलावलं तर.

मी आबांना म्हटलं, तुम्ही परत फिरलात, आजोबांना बरं वाटलं असतं. पण त्यांना स्वतःला बरं वाटलेलं दिसत नव्हतं. सौदा मोडलेल्या माणसाचा चेहरा होता तो. छप्पर गेलं होतं. घरी अमृत खूश होईल, वस्तीतली दारं उघडतील, पोरं आबांना खांद्यावर घेतील, आणि ओढ्याकाठची जागा होती तशीच राहील. तक्रार मी करणार होते, उद्याच करणार होते, पण तिच्या निकालाला किती आषाढ लागतील हे मला सांगता आलं नसतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.

खापरातला शेवटचा निखारा काळा पडला. आबांनी बोटाने राख चाचपली, गार झाल्याची खात्री केली आणि ती पायाशी झटकली. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले. मी दंड धरला.

"होळी झाली. म्हंजे उनाळा लागला," ते म्हणाले. बोटांवर त्यांनी महिने मोजले, फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. चौथ्या बोटापाशी थांबले. "मिरगाच्या आत मराया पायजे, पोरी. लाकडं सुकी हायेत तवर."